एकच बोट किंवा टाच सुजली आणि कॅन्सरची शंका आहे: एक्स-रेपासून घरच्या काळजीपर्यंत काय करायचं

कॅन्सर हाडात पसरतो तेव्हा बहुतेक वेळा मणके, कंबरेची हाडं, बरगड्या, खुबा, दंड किंवा कवटी गाठतो. प्रौढ माणसात रक्त तयार करणारा लाल मगज याच हाडांत असतो आणि रक्ताबरोबर आलेल्या कॅन्सरच्या पेशी तिथे रुजतात. मनगटाच्या आणि घोट्याच्या पुढच्या हाडांत मुख्यतः चरबीचा पिवळा मगज असतो, त्यामुळे तिथे पेशी क्वचितच टिकतात. हाडांतल्या सगळ्या मेटास्टॅसिसपैकी, म्हणजे दुसरीकडून पसरून आलेल्या गाठींपैकी, हाता-पायांच्या हाडांतल्या साधारण हजारात एक एवढ्याच. दुर्मिळ असल्यामुळेच हा आजार नखुरडं, गाऊट, संधिवात किंवा मुका मार समजून आठवडेच्या आठवडे अंगावर काढला जातो.

हाताच्या हाडांत येणाऱ्या मेटास्टॅसिसचं सर्वांत मोठं मूळ म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर. त्याखालोखाल मूत्रपिंड आणि स्तन. पायाच्या हाडांत मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचे कॅन्सर अधिक दिसतात, फुप्फुसाचाही दिसतो. हातात सर्वाधिक वेळा बोटाचं टोकाचं पेर सापडतं, त्यातही अंगठा बऱ्याचदा. पायात टाचेचं हाड आणि त्याच्या आसपासची हाडं. काही रुग्णांमध्ये सुजलेलं बोट हीच कॅन्सरची पहिली खूण असते, मूळ गाठ त्यानंतर सापडते. म्हणून "मला कुठे कॅन्सर आहे?" एवढ्यावर शंका सोडून देऊ नये. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेला माणूस, जुना खोकला, थुंकीतून रक्त, लघवीतून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन यांतलं काही असेल आणि त्यात एक बोट सुजलं असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

सूज नीट बघा

नखुरड्यात दुखणं नखाच्या कडेला एका बिंदूवर असतं. दोन-चार दिवसांत तिथे पू धरतो आणि पू निघाला की ठणका लगेच कमी होतो. टोकाच्या पेरातल्या मेटास्टॅसिसमध्ये पेर चारही बाजूंनी फुगतं, त्वचा ताणून चकचकीत आणि लालसर-जांभळी होते, नख वर उचललेलं दिसतं आणि बोटाच्या टोकावर हलकी टिचकी मारली तरी कळ मनगटापर्यंत जाते. रात्री दुखणं वाढतं, हात वर धरून झोपावं लागतं. चिरा दिला तर पू येत नाही, रक्त येतं, कधी करडा मांसल भाग बाहेर येतो आणि जखम भरतच नाही. अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत फरक पडायला हवा, तो पडत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. ज्याला आधी कधीही कॅन्सर झाला आहे, मग तो दहा वर्षांपूर्वी बरा झालेला का असेना, त्याच्या एकाच बोटाला किंवा एकाच पायाला नवी सूज आली तर एक्स-रे पहिल्याच भेटीत काढावा. बाकीच्यांनी योग्य औषध घेऊनही आठ-दहा दिवसांत सूज उतरली नाही तर काढावा. टाचदुखीत तळव्याची शीर धरलेल्याला सकाळी उठल्यावरची पहिली पावलं जड जातात, मग चालताना हलकं वाटतं. हाडातल्या गाठीचं उलट असतं: चालेल तसं दुखणं वाढतं आणि बसल्यावर, रात्री आडवं झाल्यावरही थांबत नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबल्यावर हाडातच कळ येत असेल तर कॉर्टिसोनचं इंजेक्शन घेण्याआधी एक्स-रे.

शेकणं, पोटीस बांधणं, चोळणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं हे सगळं बंद. आतून पोखरलेलं हाड दाबाने मोडतं आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरची गाठ रक्ताने इतकी भरलेली असते की घरी दिलेल्या चिऱ्यातून होणारा रक्तस्राव आटोक्यात आणणं अवघड जातं. बोटात अंगठी, पायात जोडवी असतील तर सूज वाढायच्या आत काढून ठेवा. उशीर झाला असेल तर ओढाताण न करता दवाखान्यात कापून घ्या.

कॅन्सरच्या रुग्णाचं प्रत्येक हातदुखणं मेटास्टॅसिस नसतं

सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे दुखणं एका बाजूला आहे की दोन्ही. स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या हार्मोनच्या गोळ्यांनी दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीने दोन्ही तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या इंजेक्शनने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनने सगळी हाडं दोन-तीन दिवस दुखतात.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गोष्ट घडते आणि तिची मेटास्टॅसिसशी फार गल्लत होते. दोन्ही हातांची नखं पोपटाच्या चोचीसारखी वळतात, मनगटं आणि घोटे सुजून दुखतात. एक्स-रेत हाड कुठेही खाल्लेलं नसतं, उलट लांब हाडांच्या कडेने नव्या हाडाचा पातळ थर चढलेला दिसतो. हाडात गाठ नसतानाही फुप्फुसातल्या आजारामुळे असं होतं आणि मूळ गाठीवर उपचार झाले की दुखणं ओसरतं. इथे बोटाला रेडिएशन देण्याचं कारणच नसतं.

मधुमेहींत पाय लाल, गरम, सुजलेला होण्याची कारणं वेगळी. हाडातला जंतुसंसर्ग बहुतेक वेळा जखमेच्या खाली सुरू होतो. आसपास जखम नसताना, संवेदना शाबूत असताना एकच हाड विरघळत चाललं असेल तर संसर्गावर समाधान मानू नये. आपल्याकडे क्षयही भरपूर आहे, त्यामुळे असा एक्स-रे पाहून एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करण्याचा मोह होतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय (म्हणजे बायोप्सीशिवाय) हाडाच्या क्षयाची औषधं सुरू करू नयेत, कारण "गुण येतो का बघू" म्हणताना दोन-तीन महिने सहज जातात.

एक्स-रे कसा मागायचा, त्यात काय बघायचं

पूर्ण पंजाच्या एका फिल्मवर टोकाचं पेर नखाएवढं दिसतं आणि त्यातलं भोक नजरेतून सुटतं. दुखतं त्या बोटाचाच, समोरून, बाजूने आणि तिरका असे तीन एक्स-रे काढा. बाजूच्या फिल्ममध्ये इतर बोटं एकावर एक येऊ देऊ नका. टाचेसाठी बाजूचा आणि टाचेचा मागून काढलेला असे दोन हवेत.

मेटास्टॅसिसमध्ये पेराचा आतला भाग वाळवी लागल्यासारखा गेलेला असतो, बाहेरची कडा पातळ किंवा गायब असते आणि भोवती मांसल सावली दिसते. सांध्याची फट मात्र बहुधा शाबूत राहते, कारण गाठ कूर्चा सहजासहजी ओलांडत नाही. संसर्ग बहुतेकदा सांधा ओलांडून शेजारच्या हाडात शिरतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हाड विरळ होण्याऐवजी पांढरं, दाट झालेलं असू शकतं. एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सुटका नाही: हाडातला ३० ते ५० टक्के खनिजांश गेल्याशिवाय भोक साध्या फिल्ममध्ये उमटत नाही. दुखणं कायम असेल तर एमआरआय करा किंवा निदान दोन आठवड्यांनी तोच एक्स-रे पुन्हा काढून शेजारी ठेवून पाहा.

पूर्ण शरीराच्या तपासण्यांत होणारी एक ठरलेली चूक

पेट-सीटी (किरणोत्सर्गी औषध टोचून घेतलेला स्कॅन) नेहमीच्या पद्धतीने कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात. हात डोक्यावर ठेवलेले असतात, ते बऱ्याचदा चौकटीबाहेर जातात आणि गुडघ्याखालचे पाय घेतलेच जात नाहीत. म्हणून "पेट-सीटी क्लिअर आहे" या वाक्याला सुजलेल्या बोटाच्या बाबतीत काही अर्थ नाही. मागणीच्या कागदावर "डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, दोन्ही पंजांसह" असं लिहून घ्या आणि टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला दुखणारं बोट दाखवा. इंजेक्शन दुसऱ्या हातात टोचायला सांगा. औषध शिरेबाहेर झिरपलं तर त्या हातात खोटा डाग उमटतो आणि नेमक्या संशयाच्या जागी गोंधळ होतो. पेटसाठी साधारण सहा तास उपाशी राहावं लागतं आणि साखर २०० च्या आत लागते. मधुमेहाच्या औषधांचं काय करायचं हे केंद्राला आदल्या दिवशी विचारा.

बोन स्कॅन स्वस्त आहे आणि त्यात पंजे येतात. इंजेक्शननंतर सुमारे तीन तास थांबून, भरपूर पाणी पिऊन, लघवी करून फोटो घेतात. पण मायलोमा (मगजातल्या पेशींचा कॅन्सर) आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये हाड नुसतं खाल्लं जातं, नवं बनत नाही, म्हणून बोन स्कॅन फसवू शकतो. या दोन्हींत पेट-सीटी किंवा एमआरआयवर भिस्त ठेवावी.

मूळ गाठ माहीत नसेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्टसह सीटी ही पहिली पायरी. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी). स्त्रियांना मॅमोग्राफी, पुरुषांना पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी). रक्तात हिमोग्लोबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, यकृताच्या चाचण्या, युरिक अ‍ॅसिड, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (मायलोमासाठी) आणि कॅल्शियम. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असेल तर कॅल्शियम खोटं कमी दिसतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं खाली, त्या प्रत्येक १ ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचा. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या संसर्गात वाढतात तशा कॅन्सरमध्येही वाढतात, त्यावरून निकाल लावू नका. वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडवरून गाऊटचा शिक्काही मारू नका.

बायोप्सी: इथे घाई आणि आळस दोन्ही महाग पडतात

माहीत असलेला कॅन्सर आधीच अनेक हाडांत पसरलेला असेल आणि बोटाचं चित्र त्याला जुळत असेल, तर बोटाचा तुकडा घेण्याची गरज बहुधा नसते. पण ही पहिलीच जागा असेल, मूळ गाठ सापडत नसेल, किंवा जुना कॅन्सर बरा होऊन वर्षं लोटली असतील, तर तुकडा हवाच. बोट कापायचं ठरलं असेल तरी आधी निदान करावं, कारण काही गाठी बोट वाचवूनही हाताळता येतात.

बोटाच्या मऊ सुजेतून सुई घालून केलेली एफएनएसी दोन-तीन दिवसांत "कॅन्सर आहे की नाही" सांगते. तो कुठून आला हे ओळखायला जाड सुईचा तुकडा लागतो. चीर घ्यायची झाल्यास ती बोटाच्या लांबीच्या दिशेने आणि पुढे बोट काढावं लागल्यास त्या भागाबरोबरच निघून जाईल अशा जागी असावी. शस्त्रक्रियेत रक्त थांबवण्यासाठी हात नुसता वर धरून मग दंडाचा पट्टा आवळावा. रबरी पट्ट्याने बोटांकडून वर पिळत नेऊ नये, कारण गाठीच्या पेशी पुढे ढकलल्या जाण्याची भीती असते. मूत्रपिंडाच्या कॅन्सरची शंका असलेल्या टाचेच्या हाडासाठी शस्त्रक्रियेआधी रक्तवाहिनी बंद करण्याचा विचार करावा.

नातेवाइकांनी लक्ष घालायची जागा म्हणजे बाटल्या. बहुतेक घोळ इथे होतो, म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या:

- एक बाटली निर्जंतुक सलाइनची. यातला तुकडा जिवाणू कल्चर, बुरशी कल्चर आणि क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी. हा फॉर्मॅलिनमध्ये पडला की कल्चर कायमचं हुकतं.
- दुसरी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनची, तुकड्याच्या दहापट द्रावण असलेली. यात गाठीचा मऊ भाग.
- हाडाचे कडक कण तिसऱ्या, वेगळ्या फॉर्मॅलिन बाटलीत.

मऊ भाग वेगळा का, तर हाड कापण्यायोग्य करायला ते आम्लात मुरवावं लागतं आणि तीव्र आम्लाने पेशींतला डीएनए खराब होतो. मग फुप्फुसाच्या कॅन्सरमधली ईजीएफआर तपासणी किंवा स्तनाच्या कॅन्सरमधली हर-२ तपासणी भरवशाची राहत नाही आणि गोळीवर आटोक्यात आला असता असा आजार ओळखता येत नाही. मऊ भाग निघालाच नाही, नुसतं हाड मिळालं, तर "ईडीटीएने डीकॅल्सिफिकेशन करा, मॉलिक्युलर तपासणी लागणार आहे" (म्हणजे आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य द्रावणाने हाड मऊ करा) असं कागदावर ठळक लिहा. त्याला जास्त दिवस लागतात, पण ते दिवस वाया जात नाहीत. कागदावर आधीच्या कॅन्सरचं नाव, साल, घेतलेली औषधं आणि एक्स-रेचं वर्णनही असावं. पॅथॉलॉजिस्टला ही माहिती मिळाली तर तो रंगचाचण्या नेमक्या निवडतो: फुप्फुसासाठी टीटीएफ-१, स्तनासाठी गाटा-३, मूत्रपिंडासाठी पॅक्स-८, आतड्यासाठी सीडीएक्स-२, प्रोस्टेटसाठी एनकेएक्स-३.१.

स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आपल्या ताब्यात घ्या. मोठ्या रुग्णालयात, परळचं टाटा असो की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, त्यांची फेरतपासणी मागितली जाते. नुसत्या छापील अहवालावर पुढे सरकायला गेलं की खेटे पडतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

उपचार ठरवताना

हाता-पायाच्या हाडांपर्यंत आजार पोचला म्हणजे तो बहुतेकदा इतरत्रही पसरलेला असतो. जुन्या नोंदींत सरासरी आयुष्य सहा महिन्यांच्या आसपास दिसतं. ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असलेला फुप्फुसाचा कॅन्सर, हार्मोनला दाद देणारा स्तनाचा कॅन्सर यांत आता चित्र पुष्कळ बदललं आहे. पण हाताच्या उपचाराचा हेतू एकच राहतो: दुखणं थांबावं आणि हात किंवा पाय वापरता यावा. त्यामुळे पहिला प्रश्न "गाठ पूर्ण निघेल का?" हा नसून "हा माणूस या हाताने जेवतो का, या पायावर संडासापर्यंत जातो का?" हा असायला हवा.

टोकाच्या पेरात एकच गाठ असेल आणि प्रकृती बरी असेल, तर ते पेर काढून टाकणं हा बऱ्याचदा सर्वांत सरळ उपाय असतो. भूल फक्त हाताला, टाके बारा-चौदा दिवसांत निघतात आणि ठणका त्याच दिवशी जातो. बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) चालू असेल तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान २८ दिवस ते थांबवावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही. पंजातल्या हाडासाठी ते बोट मुळासकट काढावं लागू शकतं. टाचेच्या हाडात गाठ खरवडून पोकळीत हाडाचं सिमेंट भरतात, म्हणजे लवकर पाय टेकता येतो.

बाकीच्यांसाठी रेडिएशन, ज्याला रुग्ण "शेक" किंवा "लाईट" म्हणतात. ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस, किंवा ५ दिवसांत २० ग्रे, किंवा १० दिवसांत ३० ग्रे. दुखणं कमी करायला एक डोस बाकीच्यांइतकाच चांगला, फक्त पुढे पुन्हा देण्याची गरज जास्त जणांना पडते. गावाहून येणाऱ्या थकलेल्या रुग्णाला एक डोस देऊन घरी पाठवणं हाच शहाणपणा. बोटांचा आकार उंचसखल असल्याने डोस सगळीकडे सारखा पोचावा म्हणून भोवती मेणासारखा पदार्थ बसवतात. पहिल्या चार-पाच दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. ते अपयश नव्हे. त्यासाठी डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) द्यायचं का, हे आधीच विचारून ठेवा. खरा आराम यायला तीन-चार आठवडे लागतात, हाड भरायला दोन-तीन महिने. तोवर दुखणं गेलं म्हणून टाचेवर पूर्ण वजन टाकू नये.

हाडाची झीज रोखणारं औषध म्हणजे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड: ४ मिलिग्रॅम, शिरेतून, १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात कधीही नाही. दर वेळी आधी क्रिएटिनिन. दर चार आठवड्यांनी की बारा, हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पॅरासिटामॉल पुरतं. सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन काढायचे दात काढून घ्या, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून कुजण्याचा धोका असतो. याच कामाच्या डेनोसुमॅब इंजेक्शनलाही हाच नियम आणि त्यात कॅल्शियम फार खाली जाऊ शकतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवा.

दुखणं आणि रोजची काळजी

पॅरासिटामॉल धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, अशक्त माणसाला ३ च्या आत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंड कमजोर असलेल्याला किंवा झोलेड्रोनिक घेणाऱ्याला मनाने देऊ नका. एवढ्याने भागलं नाही तर मॉर्फिन, घड्याळ लावून दर चार तासांनी. मध्येच कळ आली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग जादा. ही मात्रा डॉक्टरांनीच लिहून द्यायची. पोट साफ होण्याचं औषध (रेचक) पहिल्याच गोळीबरोबर सुरू करा, कारण मॉर्फिनच्या बद्धकोष्ठतेची सवय शरीराला कधीच होत नाही. मूत्रपिंडं थकलेली असतील तर मॉर्फिन शरीरात साठतं, म्हणून मात्रा आणि अंतर बदलावं लागतं. "मॉर्फिन म्हणजे शेवट" ही समजूत अजून घराघरांत आहे आणि तिच्यापायी माणसं विनाकारण तळमळतात. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं आहे, पण प्रत्येक मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) विभागात नाव नोंदवा आणि साठा संपायच्या आठवडाभर आधी जा.

बोटाला शेजारच्या बोटाच्या आधाराने किंवा हलक्या पट्टीने स्थिर ठेवा, पण इतर बोटं दिवसातून चार-पाच वेळा हलवत राहा, नाहीतर पंजा आखडतो. त्या हातात सलाइन किंवा बीपीचा पट्टा नको, ऑक्सिमीटर दुसऱ्या बोटाला. टाचेसाठी मऊ, मागून उघडी चप्पल आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी, जास्त दुखत असेल तर वॉकर.

गाठ फुटून वाहू लागली तर कापूस लावू नका, तो चिकटतो आणि काढताना रक्त येतं. पॅराफिन गॉज लावा, बदलताना कोमट सलाइनने भिजवून सोडवा. पट्टी बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची जादा गोळी द्या. वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोलचं जेल किंवा गोळी कुटून केलेली पूड डॉक्टरांना विचारून जखमेवर टाका, दोन-तीन दिवसांत फरक पडतो. रक्त येऊ लागलं तर स्वच्छ गॉजने दहा मिनिटं न उचलता दाबून हात वर धरा. थांबलं नाही तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेलं गॉज दाबून दवाखाना गाठा.

आणि दोन प्रसंगांत उद्याची वाट बघायची नाही. अतोनात तहान, सारखी लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता आणि बडबड किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी कॅल्शियम तपासा. ते वाढलेलं असेल तर सलाइन आणि इंजेक्शनने उतरवता येतं. पाठीत नवी, पट्ट्यासारखी पोटाकडे येणारी कळ, पायांत कमजोरी किंवा बधिरपणा, लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबत असू शकते. रुग्णाला आडवं ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय मागा. चालता येत असताना उपचार झाले तर चालणं बहुधा टिकतं, पाय पूर्ण गेल्यावर ते क्वचितच परत येतं.